गणिताला द्या सेकंड चान्स!

दहावीचा निकाल लागला आणि तुम्ही गणिताला कायमचा रामराम ठोकलात? मग हे वाचाच. आता हेच गणित तुमच्या मोबाइलवर भेटायला आलंय. परीक्षा नाही, मार्क नाहीत आणि 'चल, फळ्यापाशी ये' म्हणणारे सरही नाहीत!

संध्याकाळचे साडेसात. सदरच्या रेसिडेन्सी रोडवर ऑफिसेस सुटलेली. पार्किंगमध्ये ही गर्दी! आपली गाडी बाहेर काढायला वाट मिळेपर्यंत करायचं काय? मोबाइल तर रोजच बघतो. आज समोरच्या बाइकची नंबरप्लेट बघा.

एमएच ३१ आणि पुढची अक्षरं सोडून द्या. शेवटचे चार आकडे घ्या. समजा, नंबर आहे ४९१५. हे आकडे आधी उतरत्या क्रमाने लावा, ९५४१. मग चढत्या क्रमाने, १४५९. मोठ्यातून लहान वजा करा. आले ८०८२. आता याचंही तेच करा. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. पुन्हा एकदा. ८५३२ वजा २३५८. उत्तर ६१७४.

बरं, आता या ६१७४चं तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४! गाडी जागेवरून हलतच नाही.

आता शेजारची अ‍ॅक्टिव्हा घ्या. तिच्या शेजारची कार घ्या. कुठलाही नंबर घेतलात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. (मध्येच तीन आकडी उत्तर आलं तर पुढे शून्य लावायला विसरू नका.) अपवाद फक्त ११११, ७७७७ असल्या नंबरांचा. म्हणजे ज्यांनी जास्तीचे पैसे मोजून 'फॅन्सी' नंबर घेतलाय, तेच बिचारे या खेळातून बाद!

मजा वाटली ना? मग तुम्ही आत्ता जे केलंत त्याला गणित म्हणतात. 'माझं गणित कच्चं आहे' हे वाक्य तुम्ही गेली दहा-बारा वर्षं सगळ्यांना सांगत फिरताय, तेच हे गणित.

देवळालीचे कापरेकर मास्तर

६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. हे कापरेकर म्हणजे आपलेच दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळामास्तरकी केली. नावामागे पीएच.डी. नाही, कुठल्या मोठ्या संस्थेचं पाठबळ नाही. जवळ होतं काय, तर कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं जबरदस्त वेड.

त्या काळातल्या बऱ्याच प्राध्यापक मंडळींना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. हे कसलं संशोधन, हा तर आकड्यांचा खेळ! मास्तर खेळत राहिले. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' संख्या असं नाव देऊन टाकलं. (डेम्लो हे डोंबिवलीचंच जुनं नाव. लोकलची वाट बघताना आपण काय करतो, ते आठवा.) ६१७४ ची गंमत त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. पण जगाचं लक्ष गेलं ते १९७५ मध्ये, जेव्हा अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.

आता प्रश्न असा, की ६१७४च का? इथेच खरी गंमत आहे आणि त्यासाठी आठवी-नववीचं बीजगणित पुरतं. उतरत्या क्रमाने लावलेले आकडे क, ख, ग, घ असे धरा. वजाबाकी मांडलीत की उत्तर येतं ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून! पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक १ ते ९ मधला काहीही असू शकतो. मधल्या दोघांतला फरक त्याच्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजून बघा, अशा जोड्या होतात फक्त ५४. ०००१ पासून ९९९९ पर्यंतच्या ९,९९० नंबरप्लेट्स (फॅन्सी सोडून) पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांवर येतात. ही ५४ उत्तरं एका रविवारी दुपारी पेन घेऊन तपासता येतात. सगळी ६१७४ वर पोचली की झालं सिद्ध. ट्रिक बघणं वेगळं आणि ती का चालते हे कळणं वेगळं. दुसरी मजा एकदा चाखली की पहिलीवर समाधान होत नाही.

संख्यांचं गुगल

कापरेकरांना आपलं काम लोकांपर्यंत पोचवायला आयुष्य घालवावं लागलं. आज ते काम एका सर्चवर आहे. 'ऑनलाइन एनसायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस' नावाची एक वेबसाइट आहे. नाव लांबलचक, म्हणून सगळे तिला 'ओईआयएस' म्हणतात. दिसायला अगदी साधी, चकचकाट शून्य. पण सर्च बॉक्समध्ये १, ९, ४५, ५५, ९९ असे आकडे टाका. पहिल्या काही उत्तरांतच कापरेकरांचं नाव दिसेल!

या झाल्या कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९, पुन्हा २९७. साइटवर यांचा नोंद क्रमांक आहे ए००६८८६. कापरेकरांच्याच 'हर्षद' संख्याही तिथे आहेत. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्यांना पूर्ण भाग जातो त्या हर्षद. उदाहरणार्थ, १८. एक अधिक आठ नऊ आणि नवाने अठराला भाग जातो. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जगभरचे लोक आज हा मराठमोळा शब्द जसाच्या तसा वापरतात.

या साइटची सुरुवातही एका विद्यार्थ्याच्या छंदातून झाली. नील स्लोन हे १९६४ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. अभ्यासात एक संख्यामालिका अडली, तेव्हा ते अशा मालिका कार्डांवर जमवायला लागले. १९७३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, त्यात २,३७२ मालिका होत्या. १९९६ मध्ये हा संग्रह वेबवर आला आणि आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त मालिका आहेत. कुणीही खातं उघडून नवी मालिका सुचवू शकतं. स्वयंसेवक संपादक तपासतात, पटली तर घेतात. डिग्री कुणी विचारत नाही. मालिका चालीत वाजवून ऐकायचीही सोय आहे. हेडफोन लावून फिबोनाची ऐकलाय कधी?

'पण माझं बेसिकच कच्चं आहे!'

आलं, हे वाक्य आलंच! आणि ते खोटं नाही. अपूर्णांक, टक्केवारी, ऋण संख्या यांतलं काहीतरी सहावी-सातवीत निसटलेलं असतं. वर्ग पुढे जातो, आपण मागे राहतो. पुढचं प्रत्येक प्रकरण त्या निसटलेल्या विटेवर उभं असतं. दहावीपर्यंत भिंत हलायला लागते आणि आपण म्हणतो, माझ्या डोक्यात गणित जातच नाही. खरं तर डोकं ठीक असतं, एक वीट हरवलेली असते. ती शोधायला परत सहावीच्या वर्गात कोण बसवणार?

'खान अकॅडमी'ची गोष्ट नेमकी इथूनच सुरू होते. २००४ मध्ये बोस्टनमध्ये नोकरी करणाऱ्या सलमान खानची (तो नव्हे!) मामे-चुलत घरातली छोटी बहीण नादिया शाळेतल्या गणिताच्या चाचणीत मागे पडली. अडलं होतं कुठे, तर एककं बदलण्यात. सलमान तिला दूरून, फोन आणि इंटरनेटवर शिकवू लागला. मग बाकीची भावंडंही मागे लागली. २००६ मध्ये त्याने व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम घेतलं. भावंडांना त्याच्या व्हिडिओत एक गोष्ट फार आवडायची. समजलं नाही तर मागे घ्या, पुन्हा ऐका. दहा वेळा ऐका. कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. आज तिथे अंकगणितापासून कॅल्क्युलसपर्यंत सगळं फुकट आहे आणि मराठीतूनही बरंच काही आहे. तिशीच्या माणसाने सहावीचा धडा उघडला तर बघायला कोण येतंय?

आणि आपली बालभारती? पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं तिच्या साइटवरून पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात. सातवी-आठवीचं गणिताचं पुस्तक आज उघडून बघा. तेव्हा डोंगर वाटलेलं प्रकरण आता टेकडीएवढं दिसेल.

गणित मराठीत सोपं करून सांगणाऱ्यांत मंगला नारळीकरांचं नाव घ्यावंच लागेल. 'गणितगप्पा' हे त्यांचं पुस्तक कित्येकांच्या घरी असेल. २०१९ मध्ये त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा असताना दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' ही पद्धतही आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधिमंडळातही विषय गाजला, टिंगल झाली. मुद्दा मात्र साधा होता. आपण लिहितो आधी दोन, मग सात. बोलतो मात्र आधी सात, मग वीस. लहान मुलाला हे उलटसुलट जड जातं. पद्धत तुम्हाला पटो वा न पटो, पण चूक दरवेळी मुलाच्या डोक्याची नसते, कधी सांगण्याच्या रीतीचीही असते, एवढं तरी त्या वादातून दिसलं. २०२३ मध्ये मंगलाताई गेल्या. तो मुद्दा अजून आहे.

साइन-कोसचा उपयोग काय, भाऊ?

वर्गातल्या मागच्या बाकावरून हमखास येणारा प्रश्न. उत्तर सदरहून दुचाकीवर पाच मिनिटांवर उभं आहे. झिरो माइल! घोड्यांसोबत सेल्फी सगळ्यांनी काढलाय. त्याच आवारातला 'जीटीएस' असं कोरलेला १९०७ सालचा दगड किती जणांनी पाहिलाय? जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे. आख्ख्या हिंदुस्तानची मोजणी आणि तीही त्रिकोणमितीने.

१८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने साधारण साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची एक सरळ रेषा साखळीने काटेकोर मोजली. त्यानंतर मुख्य काम कोनांचं. रेषेच्या दोन्ही टोकांवरून लांबच्या टेकडीकडे बघायचं, कोन मोजायचे, टेकडीचं अंतर गणिताने काढायचं. मग ती नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत मोहीम उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता, पण पोचला नाही. १८२३ च्या जानेवारीत तो वाटेतच हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे याच मोजणीतून एव्हरेस्टची उंची निघाली.

हे स्वतः करून बघायचंय? 'जिओजेब्रा' उघडा. २००१ मध्ये ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टरने विद्यार्थी असताना सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर आज मोबाइलवरही मोफत चालतं. बारा एककांची रेषा काढा. एका टोकाला ७० अंशांचा, दुसऱ्याला ५० अंशांचा कोन करा. दोन रेषा जिथे भेटतील ती तुमची टेकडी. ५० अंशांच्या टोकापासून तिचं अंतर मोजा. १३ च्या किंचित वर येईल. आता वहीत साइनच्या सूत्राने काढा, तेवढंच येईल. मग बिंदू बोटाने धरून ओढा. त्रिकोण बदलतो, कोन बदलतात, सूत्र मात्र पक्कं राहतं. फळ्यावरची आकृती अशी कधी हलली असती तर!

(जाता जाता: आपल्या वर्धा रोडवरच्या मेट्रोच्या डबल डेकर पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. त्याची लांबी किती? ३.१४ किलोमीटर. पायप्रेमींनी दंडवत घालायला हरकत नाही.)

खिशाला चाट, सव्वासतरा टक्के

आता मुद्द्याचं बोलू. पैशाचं! समजा, गाडीसाठी ५ लाखांचं कर्ज हवंय, पाच वर्षांसाठी. एक जण म्हणतो, 'फक्त १० टक्के, फ्लॅट.' दुसरा म्हणतो, '१२ टक्के, रिड्युसिंग.' पटकन सांगा, स्वस्त कोण?

दहा म्हणालात? थांबा. फ्लॅटमध्ये पाचही वर्षं पूर्ण ५ लाखांवर व्याज लागतं. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, तरीही. म्हणजे वर्षाला ५० हजार, पाच वर्षांचे अडीच लाख. साडेसात लाख भागिले ६०, हप्ता १२,५००. रिड्युसिंगमध्ये जेवढं मुद्दल उरलंय तेवढ्यावरच व्याज. त्या पद्धतीने १० टक्क्यांचा हप्ता येतो साधारण १०,६२५ आणि १२ टक्क्यांचा साधारण ११,१२२. म्हणजे '१२ टक्के'वाला '१०'वाल्याहून स्वस्त! पाच वर्षांत फरक ऐंशी हजारांच्या वर.

ऑफिसमधल्या एक्सेलला विचारा. 'रेट' नावाचं फंक्शन आहे. हप्ते ६०, हप्ता वजा १२,५०० (पैसे बाहेर जातात म्हणून वजा), कर्ज ५ लाख. येईल तो महिन्याचा दर. त्याला १२ ने गुणा. 'फक्त १० टक्के फ्लॅट' या गोड शब्दांमागचा खरा दर निघतो सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असायची. त्यांना असं सहजी कुणी फसवू शकत नसे. आपल्या खिशात सुपरकॉम्प्युटर आहे, पण प्रश्न विचारायची सवय गेली. 'गणित कच्चं' या शिक्क्याची किंमत ही अशी हप्त्याहप्त्याने वसूल होते.

चित्रातून समजून घ्यायचं असेल तर 'डेस्मॉस' हा मोफत ग्राफिंग कॅल्क्युलेटर आहे. २०११ पासून चालू आहे. व्याजदराला एक स्लायडर लावा, इकडे-तिकडे सरकवा आणि वक्र कसा उसळतो ते डोळ्यांनी बघा. एसआयपी असो की होमलोन, सही करण्याआधी पाच मिनिटं द्या.

सीव्हीत भर घालायचीय?

डेटा अ‍ॅनालिटिक्स, मशीन लर्निंग... जाहिरात वाचली की मन हरखतं. मग खाली 'लिनिअर अल्जिब्रा आणि स्टॅटिस्टिक्स आवश्यक' अशी ओळ दिसते आणि आपण गुपचूप पान उलटतो. बारावीत मॅट्रिक्सचे गुणाकार केले होते, पण ते कशासाठी हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यासाठी यूट्यूबवरचं 'थ्री ब्लू वन ब्राउन' बघा. ग्रँट सँडरसनने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे चॅनल. त्याच्या लिनिअर अल्जिब्राच्या मालिकेत मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची पेटी राहत नाही. ती आख्खा पृष्ठभाग ताणते, फिरवते, तिरपा करते, आणि हे सगळं डोळ्यांसमोर. मग शिस्तीत शिकायचं असेल तर एमआयटीच्या 'ओपन कोर्सवेअर'वर गिल्बर्ट स्ट्रँग सरांची तीसहून जास्त लेक्चर्स आहेत. खडू, फळा आणि समोरच्याला सांभाळून घेणारा आवाज. सरांनी शेवटचा तास घेतला तो २०२३ च्या मे महिन्यात, वयाच्या ८८ व्या वर्षी. लेक्चर्स मात्र अजूनही कुणालाही, कधीही, फुकट.

परदेशी उच्चार झेपत नाहीत? आपल्या आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीने मिळून २००३ मध्ये 'एनपीटीईएल' सुरू केलं. तिथे गणिताचे ढीगभर कोर्सेस आहेत. बघायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी.

आणि कोडिंग येत असेल तर 'प्रोजेक्ट ऑयलर'! २००१ पासून चालू, नऊशेच्या पुढे कोडी. पहिलंच घ्या. १००० च्या आतल्या, ३ ने किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज किती? तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहून उत्तर निघेल. पण कागदावरही निघतं. तीनच्या पाढ्याची बेरीज करा, पाचच्या पाढ्याची मिळवा आणि पंधराच्या पाढ्याची वजा करा, कारण त्या संख्या दोनदा मोजल्या गेल्या. उत्तर आम्ही सांगणार नाही!

फॉरवर्डपासून सावधान

आता थोडी खबरदारी. व्हॉट्सअ‍ॅपवर 'वैदिक गणिता'च्या ट्रिक्स रोज फिरतात. या विषयाचं आपल्या शहराशी जवळचं नातं आहे. पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी १९५३ मध्ये नागपुरात विश्व पुनर्निर्माण संघ स्थापन केला होता. त्यांचं 'वैदिक गणित' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदांमध्ये सापडत नाहीत, हे टीआयएफआरमध्ये दीर्घकाळ काम केलेले गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी १९९० च्या दशकातच सविस्तर लिहून ठेवलं आहे.

म्हणून ट्रिक चुकीची ठरते का? मुळीच नाही. ९७ गुणिले ९६ बघा. शंभराला ३ कमी आणि ४ कमी. एकूण ७ कमी, म्हणून पुढे ९३. तीन चोक बारा, म्हणून मागे १२. उत्तर ९३१२. झक्कास! आता कंस मांडा. (१०० वजा ३) गुणिले (१०० वजा ४). सोडवा. १०० गुणिले ९३, अधिक १२. नववीचं बीजगणित, बाकी काही नाही. कारण कळलं की हीच ट्रिक १००० जवळ कशी चालवायची हे तुमचं तुम्हाला सुचेल. कारण न कळता पाठ केलीत तर महिनाभरात विसराल.

एआय चॅटबॉटचंही तेच. विचारलं की क्षणात उत्तर देतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने, आणि कधीकधी साफ चुकीचं. त्याला उत्तर मागण्याऐवजी म्हणा, 'पहिली पायरी सांग, पुढचं मी करतो.' आणि शेवटचं उत्तर स्वतः ताडून बघा.

सगळ्यात मोठा धोका मात्र व्हिडिओचाच. वीस मिनिटं सुंदर अ‍ॅनिमेशन बघितलं की वाटतं, कळलं! वही उघडून पहिलं उदाहरण करायला घ्या, मग कळतं काय कळलं ते. जिममधले व्हिडिओ बघून पोट कमी होत नाही, तसंच हे. म्हणून एकच नियम. स्क्रीनसमोर बसताना हातात पेन हवं. दहा मिनिटं बघितलं, तर वीस मिनिटं खरडा.

चला तर मग, वीकएंडचा प्लॅन!

शुक्रवार रात्र: तीन आकडी संख्या घेऊन कापरेकरांची वजाबाकी करा. इथेही सगळ्या वाटा एकाच संख्येवर येतात. ती शोधा. दोन आकडी घेतली तर? गाडी गोल-गोल फिरत राहील. किती स्टेशनं लागतात ते मोजा.

शनिवार: खान अकॅडमी किंवा बालभारती. जिथे शाळेत पहिल्यांदा अडलो होतो, तोच धडा उघडा. लाजायचं काम नाही.

रविवार सकाळ: तर्री पोहे आधी, मग झिरो माइलचा दगड बघून या. दुपारी जिओजेब्रावर टेकडीचं अंतर काढा.

रविवार संध्याकाळ: आपल्या चालू कर्जाचा कागद काढा आणि खरा व्याजदर स्वतः शोधा. धक्का बसला तर सोमवारी बँकेत जाऊन विचारा.

परीक्षेच्या तीन तासांत जमलं नाही, एवढ्यावरून आपण स्वतःबद्दल पंधराव्या वर्षी एक निकाल देऊन टाकला. त्यावर अपील करायला आता मुदत नाही, फी नाही. कापरेकर मास्तरांकडे इंटरनेट नव्हतं, तरी त्यांनी आकड्यांशी मैत्री जन्मभर टिकवली. तुमच्याकडे सगळं आहे. एक जुनी वही तेवढी शोधा, मागची कोरी पानं चालतील.